लग्नाची डीव्हीडी, नाटकाची व्हीसीडी आणि जुनी पीएसपी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कपाटात जुनी पीएसपी-३००० (सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) सापडली, चालू आहे, फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) ६.६१ आहे. तिच्यावर तीन प्रकारचं सामान टाकायचंय: आईबाबांच्या लग्नाची डीव्हीडी (मूळ व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली), गावातल्या हौशी नाटकाच्या दोन व्हीसीडी आणि मोबाइलवर काढलेले काही व्हिडिओ. नाटकाचा आवाज नीट कळत नाही म्हणून संवाद मराठीत टाइप करून सबटायटलची फाइलही तयार ठेवलीय. कन्व्हर्टरमधून 'एमपी-फोर' केलं, ते लॅपटॉपवर आणि मोबाइलवर झकास चालतं, पण पीएसपी 'अनसपोर्टेड डेटा' म्हणते. चुकतंय कुठे?

चुकतंय ते 'एमपी-फोर' या शब्दावर भरवसा ठेवण्यात. एमपी-फोर हे डब्याचं नाव आहे, आतल्या भाजीचं नाही. आमची लग्नाच्या शूटिंगची मिक्सिंग लॅब होती, आणि शूटिंगवाल्यांची पोरं २००७ पासून पीएसपीचं कार्ड घेऊन 'काका, एवढं भरून द्या' म्हणत यायची. तेव्हापासून आजवर माझ्याकडे आलेल्या न चालणाऱ्या फाइलींपैकी बहुतेकींचा डबा बरोबर होता, आतला व्हिडिओ पीएसपीच्या डिकोडरला न पचणारा होता.

आधी यंत्राला काय पचतं ते बघू. पडदा ४.३ इंची, ४८० × २७२ ठिपक्यांचा. व्हिडिओ एच.२६४ पद्धतीने दाबलेला, त्यातही मेन प्रोफाइलपर्यंतच (प्रोफाइल म्हणजे त्या पद्धतीतल्या सोयींची पातळी), लेव्हल ३.०. फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त ३०. आवाज एएसी-एलसी प्रकारचा, स्टीरिओ. मशीन २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलं तेव्हा ही परिस्थिती याहून तंग होती. मेमरी स्टिकवरच्या (सोनीच्या कार्डावरच्या) व्हिडिओला एका फ्रेममध्ये ७६,८०० ठिपक्यांची मर्यादा होती, म्हणजे ३२० × २४० किंवा ३६८ × २०८. ज्या पडद्यावर बघायचं तो पूर्ण भरेल असा व्हिडिओ त्याच मशीनवर चालत नव्हता! शिवाय ठरावीक फोल्डर आणि 'एम-फोर-व्ही'पुढे पाच आकडे असलं नाव लागायचं. नावात एक शून्य कमी पडलं तरी फाइल यादीत दिसायची नाही. २.८० फर्मवेअरने कार्डाच्या मुळाशीच 'व्हिडिओ' नावाचा फोल्डर दिला आणि नावाची कटकट संपवली; २००७ मध्ये ३.३० ने पूर्ण ४८० × २७२ आणि ७२० × ४८० ला परवानगी दिली. इंटरनेटवर अजून सापडणारे बरेच सल्ले ३.३० च्या आधीचे आहेत. तुमचं फर्मवेअर ६.६१ आहे, त्यामुळे ३६८ × २०८ सांगणारा कुठलाही लेख वाचून सोडून द्या.

आता तुमची फाइल का अडली? आजचे बहुतेक कन्व्हर्टर काही सांगितलं नाही तर एच.२६४ हाय प्रोफाइलमध्ये बनवतात. हाय प्रोफाइलमधला ८ × ८ ट्रान्सफॉर्म (चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे तुकडे करून दाबायची रीत) पीएसपीच्या चिपला येत नाही, विषय तिथेच संपतो. आकार ४८० × २७२ निवडलात तरी प्रोफाइल हाय राहिलं तर उपयोग शून्य. हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरत असाल तर त्यात एके काळी पीएसपीचा तयार प्रीसेट (सेटिंगचा संच) होता, आता नाही. हाताने प्रोफाइल मेन, लेव्हल ३.० निवडा आणि फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' ठेवा. खालच्या जास्तीच्या पर्यायांच्या चौकटीत मी तीन गोष्टी नेहमी घालतो: रेफरन्स फ्रेम ३, बी-पिरॅमिड बंद, वेटेड-पी शून्य. शेवटच्या दोन्ही मेन प्रोफाइलच्या नियमात बसतात, त्यामुळे एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) आपणहून त्या बंद करत नाही, आणि मग फाइल सुरू होते पण चित्र मध्येच फाटतं. हे दुखणं शोधायला फार वेळ जातो, कारण पहिली दोन मिनिटं सगळं ठीक दिसतं.

मी स्वतः एफएफएमपेग (हुकूम टाइप करून चालवायचा कन्व्हर्टर) वापरतो. त्यात 'पीएसपी' नावाचा वेगळा आउटपुट प्रकारच आहे; तो डब्यावर सोनीला हवी ती ओळखपट्टी चिकटवतो. आत्ताच्या फर्मवेअरला साधा एमपी-फोर डबाही चालतो, त्यामुळे हा हट्ट नाही. एक लक्षात ठेवा, या प्रकाराला एक व्हिडिओ आणि एक आवाज लागतोच. मोबाइलच्या टाइमलॅप्सला आवाजाचा ट्रॅक नसतो, तिथे एफएफएमपेग सरळ नकार देतो. अशा वेळी शांततेचा एक रिकामा ट्रॅक जोडायचा.

आता लग्नाची डीव्हीडी. यातच खरी मेहनत आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली (व्हिडिओ यांच्यातच असतो) एकेक गिगाबाइटच्या तुकड्यांत असतात. प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करू नका. आधी जोडून घ्या, नाहीतर तुकड्याच्या सांध्यावर मंगलाष्टकाचं अर्धं कडवं गायब होतं. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅसेटवरून आलेली म्हणजे इंटरलेस्ड. एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी आळीपाळीने विणलेल्या असतात. आधी डीइंटरलेस (त्या विणलेल्या ओळी सोडवणं), मग लहान करणं, हा क्रम पाळा. उलटं केलंत तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या प्रत्येक हाताला भुताचा दुसरा हात फुटतो. तो नंतर कुठल्याच फिल्टरने जात नाही.

कॅसेटवरून उतरवलेल्या चित्राच्या तळाशी दहा-बारा ओळी फाटलेल्या, डावीकडे-उजवीकडे सरकलेल्या दिसतील. व्हीसीआरचं हेड बदलतं त्या जागेची ती खूण. जुन्या टीव्हीच्या काचेआड ती झाकली जायची, म्हणून कोणाला कधी दिसली नाही. पीएसपी पूर्ण फ्रेम दाखवते. खालच्या १२ ओळी कापून टाका. यात एक छान योगायोग जुळतो. ७२० × ५७६ चं चित्र टीव्हीवर ४:३ दिसतं. १२ ओळी गेल्यावर त्याचं प्रमाण साधारण १.३६ होतं, आणि ३६८ × २७२ चं प्रमाण १.३५ आहे. हे दोन्ही आकडे १६ ने भागले जातात, एन्कोडरला तेच आवडतं. म्हणजे कापा, ३६८ × २७२ करा, आणि दोन्ही बाजूंना ५६-५६ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या लावून ४८० × २७२ पूर्ण करा. काळ्या पट्टीला जागा जवळजवळ लागतच नाही.

पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणून ४८० ला भिडवणारे लोक मला रोज भेटत. ताणल्यावर माणसं जवळजवळ एक तृतीयांश रुंद होतात. एका गिऱ्हाइकाने तसंच करून नेलं आणि आठवड्याने परत आला, 'बायको म्हणते मी लग्नात एवढी जाड नव्हते.'

बिटरेटचं (सेकंदाला किती किलोबिट खर्चायचे त्याचं) म्हणाल तर ठरावीक आकडा देण्यापेक्षा मी क्वालिटी मोड लावतो, सीआरएफ (दर्जाचा आकडा) २० च्या आसपास, आणि वरची मर्यादा १५०० किलोबिटची. तुलनेसाठी सांगतो: ४८० × २७२ म्हणजे १,३०,५६० ठिपके, आणि फुल एचडीच्या फ्रेममध्ये याच्या जवळपास सोळापट. त्यामुळे सहाशे-सातशे किलोबिटमध्ये चित्र तकतकीत येतं. व्हिडिओ ७०० आणि आवाज १२८ धरला तर तासाला ३७० मेगाबाइट. चार जीबीच्या कार्डावर दहा तास आरामात बसतात. सुरुवातीच्या काही पीएसपी खोक्यांतून ३२ मेगाबाइटची मेमरी स्टिक यायची, तिच्यात या हिशेबाने पाच मिनिटं बसतील.

पण पूर्ण तीन तासांचं लग्न लावून झोपायला जाऊ नका. आधी वीस सेकंदांचा तुकडा काढून बघा, आणि तो तुकडा 'सावधान' झाल्याबरोबर पडणाऱ्या अक्षतांचा घ्या. माझ्या अनुभवात लग्नाच्या व्हिडिओत एन्कोडरची एवढी कठोर परीक्षा दुसऱ्या कुठल्या क्षणी होत नाही. शेकडो बारीक पांढरे ठिपके, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागे झगमगीत साड्या, वर फ्लॅशचे झटके. बिटरेट कमी पडला की अक्षतांचे चौकोन होतात आणि अंतरपाटाच्या जागी राखाडी डाग दिसतो. अक्षता दाणा-दाणा दिसल्या की बाकीचं लग्न डोळे मिटून लावा. कॅसेटचा बारीक दाणा फार असेल तर लहान करण्याआधी हलका डीनॉइज (दाणा पुसणारा फिल्टर) द्या, हलकाच. जास्त दिलात तर पैठणीचा काठ पुसला जातो.

व्हीसीडीचं दुखणं वेगळं. तिच्यावरचा व्हिडिओ एमपेग-१, ३५२ × २८८, ११५० किलोबिट. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून नाटक दोन डिस्कवर येतं. त्यातली डीएटी फाइल एफएफएमपेग थेट वाचतो, नाव बदलायची गरज नाही. अडचण डिस्क वाचण्याची. व्हिडिओला जास्त जागा मिळावी म्हणून व्हीसीडीने सेक्टरमधली (डिस्कवरच्या छोट्या खणातली) चूक दुरुस्त करणारी जादा माहिती काढून टाकली आणि एका सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरले. म्हणून डेटा सीडी ज्या ओरखड्याला दाद देत नाही त्याच ओरखड्यावर व्हीसीडी अडते. लिनक्सवर साधं कॉपी-पेस्ट केलं तर डिस्क चांगली असूनही चूक दाखवते, तिथे व्हीसीडीसाठीचंच रिपिंगचं (डिस्कवरून फाइल उतरवायचं) साधन लागतं. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल नको, आणि जमलं तर दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हने टाकून दिलेली डिस्क दुसऱ्याने बिनबोभाट वाचलेली मी अनेकदा पाहिलीय.

नाटकाला सबटायटल हवंय. पीएसपीचा स्वतःचा प्लेअर सबटायटलची वेगळी फाइल वाचत नाही, ती चित्रावर कायमची छापावी लागते. इथे मी चित्र पूर्ण उंचीचं ठेवत नाही. ३२० × २४० करतो, ते पक्कं ४:३ आहे, आणि पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवतो. खाली ३२ ओळींची काळी पट्टी उरते, तिच्यात मराठीची एक ओळ नीट बसते. नटाच्या पायांवर अक्षरं येत नाहीत आणि नाटकात पाय महत्त्वाचे असतात. आधी पट्टी लावा, मग सबटायटल छापा. उलट क्रमाने अक्षरं चित्रातच अडकतात.

देवनागरीची एक खास परीक्षा आहे. छापून झाल्यावर 'किल्ली', 'प्रार्थना' आणि 'क्षत्रिय' हे तीन शब्द पडद्यावर शोधा किंवा मुद्दाम चाचणीच्या फाइलीत टाका. ह्रस्व वेलांटी 'क' च्या उजवीकडे आली, रफार 'थ' वर न बसता मोकळा पडला, किंवा 'क्ष' चे पाय मोडून हलन्त दिसले, तर तुमच्या कन्व्हर्टरमधला सबटायटलचा भाग हार्फबझ नसलेला आहे. अक्षरांची जोडणी करणारं साधन तेच. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, प्रोग्रॅम बदला. अक्षरांऐवजी नुसते चौकोन आले तर मात्र दोष फॉन्टचा, तिथे नोटो सान्स देवनागरी द्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये आणावं लागेल. आकार इंग्रजीपेक्षा मोठा ठेवा. मी २२ च्या आसपास ठेवतो, कारण आपल्या अक्षराला वर रफार-मात्रा आणि खाली उकार दोन्हीकडे जागा लागते, आणि लहान आकारात 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसायला लागतात. ओळीत सहा-सात शब्दांवर जाऊ नका. स्वगत असेल तर तुकडे करा.

नाटकाचा आवाज नीट कळत नाही म्हणालात. पीएसपीचा स्पीकर तसाही किरटा, त्यामुळे आवाज वाढवूनच द्या. पण इथे एक खड्डा आहे, त्यात मी अख्खी दुपार घालवलीय. एफएफएमपेगमधला लाउडनॉर्म (आवाजाची पातळी सारखी करणारा) फिल्टर लावला की तो आतल्या आत आवाज १९२ किलोहर्ट्झवर नेतो, आणि पुढे काही सांगितलं नाही तर एएसी ९६ किलोहर्ट्झवर बनतो. व्हिडिओचं सगळं बरोबर, प्रोफाइल मेन, आकार बरोबर, आणि पीएसपी फाइल घेत नाही. मी बिचाऱ्या व्हिडिओच्याच मागे लागलो होतो. लाउडनॉर्मनंतर सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असं स्पष्ट सांगा. एखाद्या सिनेमाच्या डीव्हीडीत ५.१ (सहा चॅनलचा) आवाज असेल तर तो दोन चॅनलमध्ये आणताना मधल्या चॅनलला जरा जास्त वजन द्या. संवाद सगळे मधल्यातच असतात; नाहीतर ढोल ऐकू येतात आणि माणसं कुजबुजतात.

मोबाइलचे व्हिडिओ. हे सोपे वाटतात, पण तीन गोष्टी त्रास देतात. पहिली, फ्रेम रेट बदलता असतो. तो पक्का २९.९७ करा, नाहीतर दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे होतात. दुसरी, नवे फोन एचडीआरमध्ये (जास्त उजेड-अंधार टिपणाऱ्या पद्धतीत), १०-बिटमध्ये शूट करतात. पीएसपीला ८-बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी ठेवणारी मांडणी) च लागतं. ते जबरदस्तीने ८-बिट केलंत की रंग धुतल्यासारखे फिके येतात, म्हणून टोन-मॅपिंग करून (उजेड-रंग साध्या पडद्याच्या आवाक्यात आणून) उतरवा. किंवा सोपा उपाय, पुढच्या वेळी फोनमधलं एचडीआर बंद करून शूट करा. तिसरी म्हणजे उभे व्हिडिओ. उभं चित्र आडव्या पडद्यात १५३ ठिपके रुंदीचं होतं, म्हणजे आगपेटीएवढं. मी असे व्हिडिओ ९० अंशांत फिरवूनच एन्कोड करतो आणि बघताना पीएसपी उभी धरायची. बटणं खाली येतात, विचित्र दिसतं, पण नातवाचा चेहरा पूर्ण पडदाभर येतो.

ओटीटी ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं यात धरू नका. ते कुलूपबंद असतं, कुठलाही कन्व्हर्टर त्याला हात लावत नाही.

कार्डाबद्दल. मेमरी स्टिक आता नवी मिळणं कठीण, आणि जी 'नवी' म्हणून मिळते ती बऱ्याचदा नकली असते. ३२ जीबी लिहिलेलं असतं, आत चार. मायक्रोएसडी बसवायचा ॲडॉप्टर घेणं शहाणपणाचं. फॉरमॅट संगणकावर न करता पीएसपीच्याच सेटिंगमधून करा, म्हणजे फोल्डरची मांडणी तीच करते. 'व्हिडिओ' फोल्डर नसेल तर कार्डाच्या मुळाशी, रोमन मोठ्या अक्षरांत, स्वतः बनवा. केबल मिनी यूएसबीची लागते, आजच्या मोबाइलची बसणार नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पिशवीत हमखास सापडते. आणि मॅकवरून कॉपी केलंत तर प्रत्येक व्हिडिओसोबत 'करप्टेड डेटा' नावाचं एक जुळं यादीत दिसेल. फाइल बिघडलेली नसते, मॅकने ठेवलेली ठिपका-अधोरेषेची लपलेली फाइल असते. ती पुसून टाका.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी बघायचं असेल तर चित्राचं लेबल जरूर करा. १६० × १२० ची जेपेग बनवायची, तिला व्हिडिओचंच नाव द्यायचं आणि शेवटी जेपीजीच्या जागी टीएचएम लावायचं, त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. फाइलींची नावं मी रोमनमध्येच ठेवतो, त्यामुळे आजीला यादी वाचता येत नाही, पण नवरदेवाच्या घोड्याचा फोटो बघून ती बरोबर वरातीवर बोट ठेवते.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी मागचं झाकण उघडून बॅटरी बघा. इतकी वर्षं कपाटात पडलेली बॅटरी फुगलेली असू शकते. टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती चार्जिंगला लावू नका, ई-कचऱ्यात द्या आणि दुसरी आणा. दुसरी येईपर्यंत चार्जर लावून, बॅटरीशिवायही मशीन चालतं, तेवढ्यात अक्षतांची चाचणी करून घेता येईल.